बाजूने पाहिलेला हत्ती

पुठ्ठ्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवून मी हत्तीच्या पायांची रेघ तपासत होतो, आणि पडद्याआडून दोन डोळे माझ्या हातांकडे पाहत होते. माझी पाच वर्षांची नात शार्वी प्रथमच आमच्याकडे राहायला आली होती, आणि आल्यापासून माझ्याजवळ फिरकली नव्हती. तिच्या लाडक्या चित्रपुस्तकातला हत्ती करून दिला, तर ती कदाचित जवळ येईल, एवढीच माझी आशा होती.

तंत्रनिकेतनात शिकवले होते त्याप्रमाणे मी बाजूचे दृश्य काढून अचूक कापले. "झाला हत्ती!" असे जाहीर करून तो टेबलावर उभा केला. तो लगेच आडवा झाला.

"याला दोनच पाय आहेत," पडद्यामागून आवाज आला.

"पलीकडचे दोन यांच्या बरोबर मागे आहेत. बाजूने पाहिले की दिसत नाहीत."

ती बाहेर आली आणि तिने हत्ती उलटून पाहिला. "मागे तर काहीच नाही! डोळापण नाही!" ती खो-खो हसत सुटली. मलाही हसू आवरेना.

"आजोबा, तुम्हाला हत्ती येतच नाही. सरका, मी करते."

तिने वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून उरलेले दोन पाय चिकटवले. एक जाड, एक बारीक. हत्ती मात्र उभा राहिला. मग दुसरा डोळा रंगवायला ती सरळ माझ्या मांडीवर चढून बसली. थोड्या वेळाने माझ्या पायाला मुंग्या आल्या; पण डोळा अजून अर्धाच झाला होता, म्हणून मी जराही हललो नाही.