नळीचा प्रश्न

डॉक्टरांचा राउंड सुरू झाला, तशी दामूअण्णांची लघवीची नळी रोजच्यासारखी बोलली, "ऑपरेशन झालं, बाबा शुद्धीवर आले. मग मी अजून इथं कशाला?"

"राहू दे की," मुलगा हेरंब म्हणाला. "सारखं बाथरूमला धरून न्यायचं म्हणजे आईचे हाल."

"सोय हे कारण मला चालत नाही," असं म्हणून हल्लीच्या नळ्यांच्या रीतीप्रमाणे ती आपोआप सैल झाली. सिस्टरनी हसत काढून घेतली.

दामूअण्णा मात्र धास्तावले. उभा जन्म एसटी चालवली, डेपो येईपर्यंत लघवीची कळ दाबून धरली. आता वेळेला झालीच नाही तर? पुन्हा नळी?

दुपारी बायकोच्या, कृष्णाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते बाथरूमपर्यंत गेले. दार लोटून, भिंतीला टेकून उभे राहिले. काहीच होईना. कपाळावर घाम आला.

"अहो, झाली का?" बाहेरून कृष्णाबाईंनी विचारलं.

"थांब जरा!"

आणि मग धार लागली, चांगली दणदणीत. दामूअण्णांनी डोळे मिटले आणि ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले, "गाडी डेपोत लागली गं!"