सात हजार मैल

आंदोलनातल्या गोळीबाराच्या दिवसांत वाहन मिळालं नाही आणि लवूची सहा वर्षांची चिमी तापात गेली. तेव्हापासून तो आणि त्याची बायको शेवंती फारसं बोलत नसत. आता परळला एक जुनी हिलमन मोटार विकाऊ होती, म्हणून दोघं पाहायला गेले.

मीटरवर सात हजार मैल होते. लवूने पेडलचं रबर चाचपलं. ते फारसं झिजलं नव्हतं, म्हणजे मीटर खरा होता. फक्त ड्रायव्हरच्या सीटची पाठ मागच्या बाजूने, खाली, पार घासून गेली होती.

"घरात पोरं आहेत?"

"नाही हो, एकटाच आहे मी," मालक म्हणाला.

लवूने चालवून पाहायला गाडी दादरकडे काढली. शेवंती शेजारी होती, मागे कोणी नव्हतं. थोड्या वेळाने त्याच्या पाठीत हलके धक्के बसू लागले.

शेवंतीने वळून पाहिलं नाही. "लाथा मारू नको गं," ती म्हणाली, "बाबा गाडी चालवतायत."

धक्के थांबले.