चौथा कोपरा

बेरितबाईंचं बोट गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यावर थांबलं. आत काहीतरी बारीक, कडक हाताला लागत होतं.

शहरातल्या आबिड्स भागातल्या एका हॉटेलात सतरा देशांच्या उद्योजक बायका जमल्या होत्या. प्रत्येक टेबलाला दहा मिनिटं. घंटा वाजली की समोरची उठायची, दुसरी येऊन बसायची. गौलीगुडा वस्तीतल्या जयवंताबाईंच्या टेबलावरून मात्र नॉर्वेच्या बेरितबाई दोनदा घंटा वाजली तरी हलल्या नव्हत्या. त्यांची लहान मुलांच्या वस्तूंची दुकानं होती आणि त्यांना बाळांसाठी तीनशे गोधड्या हव्या होत्या. जयवंताबाईंसोबत शिवणाऱ्या अकरा जणींना वर्षभर पुरेल एवढं काम. इंग्रजी-मराठीची ने-आण करायला लेक पिंकी शेजारी बसली होती.

आत काय आहे, असं बेरितबाईंनी विचारलं.

पिंकीला ठाऊक होतं. गोधडी झाली की शेवटच्या कोपऱ्यात चार दाणे घालून मगच तोंड शिवायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्याला घास म्हणायचे. जी रात्रभर दुसऱ्याला ऊब देणार, तिला उपाशी कसं पाठवायचं? नमुना शिवतानाही जयवंताबाईंचा हात सवयीने ज्वारीच्या डब्याकडे गेला होता. हा माल समुद्रापार जायचा आहे, हे बाराजणींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

"आई, दोऱ्याची गाठ हाय म्हणून सांगते," पिंकी हळूच म्हणाली. "ज्वारी म्हटलं तर ऑर्डर खलास."

"ज्वारी हाय तर ज्वारीच म्हण. चोरीची हाय का?"

पिंकीने ज्वारीचं आणि घासाचं सगळं सांगितलं. बेरितबाईंचा चेहरा उतरला. बंदरात एक दाणा सापडला तरी सगळी खोकी अडवतात, कधी जाळूनही टाकतात, असं त्या म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. दाणे काढून कोपरा रिकामाच शिवून टाका, बाकी सगळं मला पसंत आहे, असं म्हणून त्यांनी ऑर्डरचा कागद पुढे सरकवला.

पिंकीचा जीव भांड्यात पडला. तिने पेन आईच्या हाती दिलं. जयवंताबाईंनी ते खाली ठेवलं.

"दाणे काढते. कायदा तिच्या देशाचा, तो पाळायचाच. पण रिकामा कोपरा मी शिवणार न्हाई, तिला म्हण. उपाशी गोधडी आमच्या हातून जायची न्हाई."

इथे ध चा मा केला तर कुणाला कळणार होतं? पण आईची नजर पिंकीच्या तोंडावर होती, आणि इंग्रजी येत नसलं तरी लेकीचा खोटेपणा जयवंताबाईंना कुठल्याही भाषेत कळत असे. पिंकीने शब्दाला शब्द सांगितला. घंटा वाजली, पुढची बाई बेरितबाईंच्या मागे येऊन उभी राहिली.

जयवंताबाईंनी कोपऱ्याचे टाके उसवले आणि चारही दाणे तळहातावर झाडून घेतले. मग सुई ओवली, कापडात खोचली आणि गोधडी बेरितबाईंच्या मांडीवर ठेवली.

"चौथा कोपरा उघडा येईल म्हणावं, सुईदोऱ्यासकट. घास तिकडच्या आईने भरवायचा, तिच्या घरात शिजतं त्याचा. बाळ तिचं हाय."

बेरितबाईंनी ऐकून घेतलं. उघड्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी कागद ओढला, 'चौथा कोपरा उघडा, सुईदोऱ्यासकट' अशी एक ओळ वाढवली आणि खाली सही केली. ती ओळ वाचताना पिंकीला आईचा एवढा अभिमान वाटला की तिला नीट वाचताही येईना.

तोवर बेरितबाईंनी पर्समधून ओट्सची वडी काढली होती. तिचा चिमूटभर चुरा त्यांनी कोपऱ्यात घातला आणि चष्मा सावरून टाके घालायला घेतले. मागे उभी असलेली बाई वाकून बघू लागली. शिवून झाल्यावर बेरितबाईंनी हसत गोधडी पुढे केली.

जयवंताबाईंनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"टाका लांब पडलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी तो उसवला आणि सुई परत बेरितबाईंच्या हातात दिली.