ती तशीही जागीच असते

“झोपायच्या आधी पाय गरम पाण्यात बुडवून बस,” नणंद म्हणाली. “आमच्या ऑफिसातली एक बाई त्यानं बरी झाली.”

“बुडवून झालेत,” थोरली म्हणाली.

“मग उजव्या कुशीवर झोपून बघ.”

“दोन्ही कुशी बघून झाल्या, वन्सं. तिसरी असती तर तीही झाली असती.”

दीर हसला. सुट्टी होती, म्हणून जेवणाच्या टेबलाशी सगळेच होते: नवरा, दीर, जाऊ आणि पाहुणी आलेली नणंद.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. तिला झोप येत नाही हे लग्नानंतर वर्षभरातच घराला कळलं होतं, आणि तेव्हापासून जो भेटेल तो तिचा डॉक्टर झाला होता. दूध, चालणं, श्वास मोजणं, जाड पडदे. तिने सगळे उपाय एखाद्या चाचणीसारखे करून पाहिले होते, एका वेळी एकच, मध्ये काही दिवस मोकळे सोडून. एकाचाही उपयोग झाला नाही. सल्ला देणारी माणसं सगळी पडल्या पडल्या झोपणारी असतात, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं.

गेल्या वर्षी सासूबाई रात्री एकट्याच उठल्या, पडल्या आणि खुबा मोडून बसल्या. रात्री त्यांच्याजवळ कोणीतरी जागं हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. पगारी बाया ठेवून पाहिल्या. त्या सासूबाईंच्या आधी झोपायच्या. मग वृद्धांच्या केंद्राची चौकशी झाली, आणि सासूबाईंनी जेवणच सोडलं. तेव्हा थोरली म्हणाली होती, “मी तशीही जागीच असते,” आणि आपली खाट त्यांच्या खोलीत नेली होती. विषय मिटला होता.

आता नवऱ्याने तो पुन्हा काढला.

“उद्या झोपेच्या डॉक्टरांकडे जायचंय. वेळ घेतलीय मी.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? माणूस आहेस तू, चौकीदार नाहीस.”

“वहिनी बरी झाली तर उत्तमच,” दीर म्हणाला. “मग आईला केंद्रात हलवू. तिथे रात्रपाळीला नर्स असते. इथे आमच्यातलं कोण उठणार? मी आडवा झालो की घर उचलून नेलं तरी मला कळत नाही.”

“ते मला विचारा,” जाऊ म्हणाली.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “आमच्या वेळी झोप येते का म्हणून कोणी विचारलंसुद्धा नाही.”

“तुझ्या वेळी सगळेच ठणठणीत होते, आई,” नणंद मोठ्याने म्हणाली.

थोरलीने ताटं उचलली, जरा आदळतच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. पडल्यावर किती वेळ लागतो, मध्ये जाग येते का, पहाटे काय होतं, असं त्या एकेक विचारत गेल्या. थोरलीला उत्तरं पाठ होती.

“चेहरा मात्र ताजा दिसतो तुमचा.”

“सवय झालीय.”

“कामात चुका होतात?”

“अजून तरी नाही.”

“असं करा, एक रात्र इथे येऊन झोपा. डोक्याला तारा लावू, म्हणजे नेमकं काय होतंय ते कळेल.”

“सासूबाईंना टाकून नाही येता येणार.”

“एक रात्र मी बघेन की,” नवरा म्हणाला.

“तू?”

डॉक्टरीणबाईंनी उगाचच पेनाचं टोपण लावलं. बऱ्याच हुज्जतीनंतर गोळ्यांवर तडजोड झाली.

परत येताना नवरा गाडी चालवत होता.

“तुला बरंच व्हायचं नाहीये,” तो म्हणाला.

“पुढे बघून चालव.”

“आईसाठी करतेस, कळतं मला. पण कोणाच्या आजारपणावर घर चालवायचं नसतं. या गोळ्यांनी तुला झोप लागली की दुसऱ्याच दिवशी मी केंद्राला फोन करणार.”

“आणि नाही लागली तर?”

सिग्नल लाल झाला. त्याने गाडी थांबवली.

“तर काय, आहे ते चालू राहील. मी तरी अजून काय करू?”

थोरलीने गोळ्यांची पुडी पर्समध्ये टाकली.

झोपायच्या वेळी तो स्वतः पाण्याचा पेला घेऊन आला. तिने गोळी गिळेपर्यंत दारात उभा राहिला.

“सकाळी खरं काय ते सांग.”

“सांगते.”

त्याने दिवा मालवला. जिन्यावर पावलं वाजली, वरचं दार लागलं. थोरली खाटेवर आडवी झाली.

“गेला?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“गेला.”

“काय सांगणार आहेस उद्या?”

“काडीचाही फरक नाही म्हणून.”

सासूबाईंनी पांघरूण ओढून घेतलं. मग म्हणाल्या, “पाठीवर झोपू नकोस बाई, घोरतेस. काल पहाटे तो पाणी प्यायला खाली आला होता. मी मोठमोठ्यानं खोकत राहिले, म्हणून निभावलं.”

थोरली उठून बसली. “मग मला हाक मारायची ना, आई.”

“मारली की. किती वेळा मारली. तू कसली उठतेस.”