गोदावरीची लिंबं

तात्यांचा उजवा पाय जागा चाचपडू लागला. जमीन तीस फूट खाली होती आणि वर अजून तेवढाच कडा उरला होता. कमरेला बांधलेला दोर सरळ वर गेला होता. त्याचं दुसरं टोक केरबा हवालदाराच्या हातात होतं. ज्या माणसाला जाब विचारायला तात्या आले होते, त्याच्याच हातात आता त्यांचा जीव होता.

"आवं तात्या, दगडाला मिठी मारू नगा," केरबा वरून म्हणाला. "अंग लांब धरा, म्हंजी पाय कुटं ठेवायचा ते दिसंल. तीन जागा धरून ठेवायच्या, चौथी हलवायची. घाई न्हाई."

खाली बसलेली कॉलेजची पोरं हसत होती. पन्नाशीला टेकलेला कारकून कचेरीची पँट घालून कडा चढायला शिकतो, हे त्यांना नवीन होतं. एकजण म्हणाला, तात्या वर पोचेपर्यंत आपण वाईला जाऊन जेवून येऊ.

तात्यांनी पाय हलवला. बोटभर खाचेत बुटाचं टोक बसलं.

तात्यांची बायको चारुशीला अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात काविळीनं गेली. ती वाईत मुलींना शिकवायची. शेवटची दोन वर्षं महिन्यातला एक रविवार ती साताऱ्याला बहिणीकडे जायची. दर वेळी तात्या परसातली लिंबं काढून पिशवीत भरून द्यायचे. गोदावरीला लोणच्याला होतील, म्हणायचे. तेराव्याला त्यांनी गोदावरीला लिंबांचं सहज विचारलं, तर ती गोंधळली. लिंबं तिनं कधी पाहिली नव्हती. दोन वर्षांत ताई तिच्या घरी एकदाही आली नव्हती.

मग ट्रंकेच्या तळाशी कॅनव्हासचे बूट सापडले. पुढून पार झिजलेले. उरलेलं एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. बाई साताऱ्याचं तिकीट काढायच्याच नाहीत. पाचवडच्या अलीकडे, गडाच्या फाट्यावर उतरायच्या. तिथं पेन्शनीतला एक हवालदार वाट बघत उभा असायचा.

तेव्हापासून तात्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. जिच्यासाठी रडायचं, ती कोण होती तेच कळेना. एकवीस वर्षं तिनं कधी वर तोंड करून उत्तर दिलं नव्हतं. 'अहो' म्हणायची, तेसुद्धा हळू. एकदाच, शाळेतल्या बायकांबरोबर गड चढून येऊ का, असं तिनं विचारलं होतं. लोक काय म्हणतील, असं तात्या म्हणाले आणि ताटावरून उठले. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. आणि मग ही लिंबं.

आपण कोण हे त्यांनी केरबाला सांगितलं नव्हतं. शिकायचंय म्हणाले, आणि नाव तात्या एवढंच सांगितलं. ते खोटंही नव्हतं. कचेरीत, गल्लीत ते तात्याच होते. अनंत हे नाव आई गेल्यापासून कोणी घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर तेवढं होतं.

कडा संपला. तात्या गुडघ्यांवर रांगत वर आले. नीट बसेपर्यंत केरबानं दोर ढिला केला नाही. आता तात्यांना तो जवळून दिसला. दाढीचे पांढरे खुंट वाढलेला, एका पायाची दोन बोटं बर्फात गमावलेला म्हातारा. त्यांच्या मनातला हवालदार असा नव्हता.

"घसा वाळला आसंल," केरबा म्हणाला. "लिंबू आसतं तर बरं झालं आसतं. एक मास्तरीणबाई आणायच्या पिशवी भरून. पोरास्नी एकेक फोड द्यायच्या. लय दिस झालं, आल्या न्हाईत."

तात्यांनी कमरेची गाठ दोन्ही हातांनी धरली.

"त्या बाई इथं कशासाठी यायच्या?"

केरबा दोर गोळा करू लागला.

"त्येच मला कळंना आदी. वर यायच्या, हितं हुब्या ऱ्हायच्या, समोरच्या डोंगराकडं तोंड करून मोट्यानं एकच हाक मारायच्या. अनंता! डोंगरानं ती माघारी दिली की हसायच्या, आन् उतरायला लागायच्या. एकदा म्या इचारलं, ल्योक हाय का बाई? तर म्हनल्या, न्हाई, घरधनी हायत आमचं. घरात त्येंचं नाव घेता येत न्हाई, म्हून हितं येते."