अर्धं तिकीट

आई दूरच्या गावी लोकांची बाळं सांभाळायला गेली, तेव्हापासून पोर शिंपीकाकांकडे बटणं लावत होती. बोटांची चाळण झाली, पण आईच्या पावडरचा डबा नाण्यांनी भरला. अर्ध्या तिकिटापुरते पैसे जमले, तसं कापडखरेदीला तिकडेच निघालेल्या काकांनी तिला सोबत घेतलं. स्टँडवर तिने डबा खिडकीत पालथा केला. नाण्यांनाही आईचा वास येत होता. तिकीटवाल्याने भिंतीवरची उंचीची रेघ दाखवली. “तिथे उभी राहा.” पोरीने हळूच गुडघे वाकवले. “सरळ!” डोकं रेघेच्या वर गेलं. “ताडमाड वाढलीस की! आता पूर्ण तिकीट.” “फ्रॉकची दुमड मीच उसवली, तरी डोक्यात आलं नाही,” काका खिसा चाचपत म्हणाले, “वरचे मी घालतो.” पोरीने तळहात रेघेच्या पार खाली टेकवला. “काका, आई गेली तेव्हा मी एवढीच होते. ती मला खालीच शोधेल.”