खिडकीजवळचे काका

काकांनी शर्ट आधीच काढून, घडी घालून उशाशी ठेवला होता.

"विचारा," ते म्हणाले आणि तिनं तोंड उघडायच्या आत सुरूही झाले. "दम लागतो. आठ वर्षं झाली. जिना चढलं की जास्त. झोपताना दोन उशा लागतात. छातीत धडधडतं. लहानपणी सांधे सुजले होते, दोघांचेही. म्हणजे, दोन्ही गुडघे." मग छताकडे बघत, काहीतरी आठवल्यासारखं, "हां, आणि पाय सुजत नाहीत."

चिमणीनं मान डोलावली. डॉक्टर झाली तरी कॉलेजात तिला सगळे चिमणीच म्हणत. आवाजच तेवढा होता. मोठ्या परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या वेळी परीक्षकांनी नुसतं "नक्की?" असं विचारलं आणि ती म्हणाली, "तसं नक्की नाही सांगता येणार." संपलं. वडिलांनी हौसेनं करून घेतलेली तिच्या नावाची पाटी तेव्हापासून कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

या वेळी मात्र नशीब फळफळलं होतं. खिडकीजवळची खाट म्हणजे मिट्रलवाले काका, हे हॉस्पिटलच्या लिफ्टमनलाही ठाऊक होतं. दरवर्षी परीक्षेला त्यांना मुद्दाम बोलावून घेत. हृदयाच्या डाव्या बाजूची आतली झडप, म्हणजे मिट्रल, अरुंद झालेली. बाकीच्या तिन्ही ठणठणीत. उत्तर पाठ होतं, मार्क खिशात होते. फक्त तपासल्यासारखं करायचं.

"डाव्या कुशीवर वळा, काका."

काका उजवीकडे वळले. मग "अरे हो" म्हणत डावीकडे. एवढ्यानंच त्यांना धाप लागली.

"खाट जरा उंच आहे," ते म्हणाले.

तिनं स्टेथोस्कोप टेकवला. लांबून भरलेला ट्रक जावा तशी घरघर. अगदी पुस्तकात लिहिलेली. इथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण सवयीनं हात वर सरकला, छातीच्या हाडाच्या कडेला आला, आणि तिथं काहीतरी होतं. फार बारीक. गरम चहावर कुणी फुंकर घालावी तसं.

"उठून बसा. पुढे वाका. श्वास पूर्ण सोडा आणि तसाच धरून ठेवा."

"हे नव्हतं सांगितलं," काका पुटपुटले, पण वाकले.

फुंकर आता स्वच्छ ऐकू आली. प्रत्येक ठोक्यामागे एक. इतकी वर्षं सगळ्यांनी एकच झडप सांगितली होती, सगळे पास झाले होते. आता त्यांचं खरं मानायचं की आपल्या कानांचं?

तेवढ्यात मोठे सर आले. सोबत बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. मोठ्या सरांना विद्यार्थ्यांची नावं आठवत नसत, पेशंटचे चेहरे आठवत नसत. पण एकदा ऐकलेली छाती आपण जन्मात विसरत नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"बोला," बाई म्हणाल्या.

"दोन झडपा खराब आहेत," चिमणी म्हणाली. "आतली अरुंद झालीय. आणि बाहेरची, महाधमनीच्या तोंडाची, गळतेय."

मोठे सर मनापासून हसले. "दोन? अगं, या छातीशी माझी आठ वर्षांची ओळख आहे. आज सकाळीच ऐकली. तीच घरघर, तसूभर फरक नाही. नीट विचार कर." ते थोडे वाकले. "नक्की?"

आला तो शब्द. 'चुकलं सर' म्हटलं की सुटका होती.

"नक्की!" ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून जागा झाला.

"इतकी गळती असेल तर नाडी उसळायला हवी," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती तर साधीच लागतेय."

"आतल्या दारातून रक्तच कमी येतंय, मॅडम. बाहेर फेकायलाच थोडं, तर नाडी उसळणार कशी? एक आजार दुसऱ्याला पाठीशी घालतोय."

बाईंनी आपला स्टेथोस्कोप काढला. काकांना पुढे वाकवलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "चला, मशीनवर बघू."

मोठे सर पैज जिंकलेल्या माणसाच्या ऐटीत इकोच्या खोलीत गेले आणि चष्मा पुसत बाहेर आले.

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "बाहेरची तर वाटली त्याहून वाईट निघाली." त्यांनी चिमणीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं झालं. घरी फोन कर जा."

चिमणीचे डोळे भरून आले. मोठे सर घसा खाकरून म्हणाले, "वाढलंय हो, वर्षभरात. आजार आहे, वाढायचाच. सकाळीच मला जरा शंका आली होती."

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. "काका, घाबरू नका. वेळेवर कळलं म्हणायचं. ऑपरेशन करावं लागेल, दोन्ही झडपा बदलाव्या लागतील. घरून कुणाला तरी बोलावून घ्या."

काका ताडकन खाटेवरून खाली उतरले.

"अहो, काय बोलताय काय! झडप दादाची खराब आहे!" ते धापा टाकत म्हणाले. "तो लग्नाला गेलाय, म्हणून त्याच्या जागी मी येऊन झोपलो. मला काय धाड भरलीय?"